नसलेली ओळ मागणाऱ्या विमलताई

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्सची बटणं आणि चेन विकणाऱ्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही पाच जण आणि मालक हरेशभाई. कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी गणिताचं एक सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. त्यात मॅट्रिक्स होत्या, म्हणजे आकड्यांचे तक्ते: आडव्या ओळी, उभे रकाने. दुसऱ्या ओळीतला तिसरा आकडा दे म्हटलं की सॉफ्टवेअरनं तो काढून द्यायचा, अमुक जागी अमुक आकडा ठेव म्हटलं की तिथेच ठेवायचा. बोलायला एवढंसं काम, पण बाकीचं सगळं गणित त्याच्यावर उभं होतं. तो भाग मी लिहिला होता. मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्या मते त्यात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तरी हरेशभाईंनी तपासायला माणूस आणला. विमलताई रोकडे. पन्नाशी ओलांडलेल्या, बदलापूरला बेलवलीत राहणाऱ्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला घरी शिवलेली कापडी पिशवी, आणि चष्मा नाकावर इतका खाली की त्या आपल्याकडे बघतायत की कपाळाकडे, ते कळायचं नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात त्या बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होत्या. मशीनवरून आलेला एकेक पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, पास की रिजेक्ट ते सांगायचं. तो कारखाना बंद पडला होता. तिथे माल पोचवणारा कोणी हरेशभाईंच्या ओळखीचा होता, त्यानं हे नाव सुचवलं. आमच्यात थोडी हसाहस झाली. हरेशभाई शांतपणे म्हणाले, "जिसने बाईस साल नट-बोल्ट को नहीं छोड़ा, वो तुमको क्या छोड़ेगी."

ताईंनी आल्या आल्या सांगून टाकलं की मॅट्रिक्स हा शब्द त्यांनी मुलीच्या बारावीच्या पुस्तकात बघितलाय, पण ते पान वाचलेलं नाही. मी त्यांना तीन ओळी, तीन रकान्यांचा एक तक्ता करून दिला, ओळीचा नंबर आधी आणि रकान्याचा नंतर एवढं शिकवलं, आणि जागेवर येऊन बसलो. पाच मिनिटांत हाक आली.

"मी शून्य नंबरच्या ओळीतला दुसरा आकडा मागितला," त्या म्हणाल्या. "यानं दिला."

मी जाऊन पाहिलं. खरंच दिला होता, आणि तो तिसऱ्या ओळीतला पहिला आकडा होता. सॉफ्टवेअरच्या पोटात सगळे रकाने एकापुढे एक लावून ठेवलेले असतात. शून्य म्हटल्यावर ते एक पाऊल मागे सरकलं आणि शेजारच्या रकान्याच्या तळाला जाऊन पोचलं. मी म्हटलं, ताई, शून्य नंबरची ओळ नसतेच, ती कोण मागणार?

"मी मागितली ना आत्ता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला गेज समजावून सांगितलं. भोक तपासायचं गेज म्हणजे दोन टोकांची छोटी दांडी. एक टोक भोकात गेलंच पाहिजे. दुसरं टोक किंचित जाड असतं, ते जाता कामा नये. नवीन लागलेली माणसं पहिलं टोक घालून बघायची आणि पार्ट पास करून मोकळी व्हायची. दुसरं टोक घालायचा कंटाळा.

"आत जायला पाहिजे ते जातं का, हे सगळेच बघतात," ताई म्हणाल्या. "जायला नको ते अडतं का, ते कोण बघणार?"

हे वाक्य मी पुढे तीन वर्षं ऐकलं. त्या आठवड्यात त्यांनी माझ्या सॉफ्टवेअरकडे उणे पहिली ओळ मागितली, चौथी मागितली, एक कोटीवी मागितली, नंबरच्या जागी स्वतःचं नाव लिहून बघितलं. काही ठिकाणी ते अडलं, बऱ्याच ठिकाणी अडलं नाही. जिथे अडायचं तिथे पडद्यावर लाल अक्षरात सूचना यायची. आमच्या सगळ्यांची तोंडं लाल अक्षरं बघून पडायची. ताईंचा चेहरा मात्र खुलायचा. "अडलं गं बाई," असं स्वतःशीच म्हणून त्या वहीत बरोबरची खूण करायच्या.

ती वही हे एक प्रकरण होतं. दोनशे पानी, प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले चार रकाने: काय मागितलं, काय यायला हवं, काय आलं, पास की नाही. दुसरा रकाना त्या मागण्याच्या आधी भरायच्या. उत्तर बघितल्यावर माणूस स्वतःला पटवून घेतो की हेच यायला हवं होतं, असं त्यांचं मत. मी एकदा त्यांना संगणकावर तसलाच तक्ता करून दिला. त्यांनी आभार मानले आणि वहीतच लिहीत राहिल्या. संगणकाची तपासणी संगणकात कशाला ठेवायची, म्हणाल्या.

माझी तपासायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. मी नेहमी पाढ्यांचा तक्ता घ्यायचो: दुसऱ्या ओळीत दोनाचा पाढा, तिसरीत तिनाचा. भरायला सोपा, तपासायलाही. ताईंनी चष्म्यावरून त्या तक्त्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या की यात दुसऱ्या ओळीतला तिसरा आकडा सहा आहे आणि तिसऱ्या ओळीतला दुसराही सहाच आहे, तर ओळ आणि रकाना उलटे झाले तर तुला कळणार कसं? त्यांनी दोनच ओळी आणि तीन रकाने घेतले आणि प्रत्येक घरात त्याचा पत्ता लिहिला: पहिल्या ओळीत अकरा, बारा, तेरा, दुसऱ्या ओळीत एकवीस, बावीस, तेवीस. तेवीस म्हणजे दुसरी ओळ, तिसरा रकाना. आकडा बाहेर आला की कुठून आला ते तोच सांगणार.

मग त्यांनी अख्खी दुसरी ओळ मागितली, आणि सॉफ्टवेअरनं दुसरा रकाना आणून दिला. बारा आणि बावीस. सहा महिने ते असंच करत होतं. पाढ्यांच्या तक्त्यात दुसरी ओळ आणि दुसरा रकाना सारखेच, त्यामुळे मला पत्ता नव्हता. मी खाली मान घालून दुरुस्ती केली. ताईंनी डब्यातली सुकटीची चटणी माझ्या पोळीवर वाढली, तेवढंच.

दुपारी जेवताना त्या कारखान्यातल्या गोष्टी सांगायच्या, पण तक्रारीच्या सुरात कधीच नाही. वडीलही एमआयडीसीतच फिटर होते. रविवारी बेलवलीतल्या विहारात अभ्यासिका चालायची, तिथे ताई शाळेतल्या मुलींचा अभ्यास घ्यायच्या. मॅट्रिक्सचा धडा त्या तिथेच शिकल्या, अकरावी-बारावीच्या मुलींकडून. सोमवारी येऊन मला गुणाकार बरोबर करून दाखवायच्या. हरेशभाईंशी हिंदी, आमच्याशी मराठी, आणि खालच्या बटणवाल्याशी त्या मोडकंतोडकं सिंधी बोलायच्या. तो खूष होऊन त्यांना चहा पाजायचा.

आमची सगळ्यात मोठी भांडणं दीडवरून झाली. ओळीचा नंबर म्हणून कोणी दीड लिहिला तर माझं सॉफ्टवेअर निमूटपणे पहिली ओळ द्यायचं, अर्धा टाकून. मी म्हणालो की हे चालवून घ्या, ओळीचा नंबर म्हणून दीड कुठला शहाणा लिहील? दोन दिवसांनी ताईंनी मला बोलावलं. त्यांनी ओळीचा नंबर लिहिला नव्हता, भागाकार लिहिला होता: शून्य पॉइंट तीन भागिले शून्य पॉइंट एक. कारखान्यात मापं अशीच मोजायचो, म्हणाल्या, एवढ्या जाडीत अशा किती पट्ट्या. उत्तर तीन. पडद्यावरही तीनच दिसत होतं. पण त्या तिनानं ओळ मागितली तर दुसरी येत होती.

कारण मला माहीत होतं. संगणकाला शून्य पॉइंट एक हा आकडा तंतोतंत मांडता येत नाही, त्यामुळे आतलं उत्तर तिनाहून केसभर कमी येतं. पडद्यावर दाखवताना ते तीन करून दाखवतो. आणि मी अर्धा टाकायला म्हणून जी कात्री ठेवली होती, तिनं त्या जवळजवळ तिनाचे दोन केले होते. हे मी ताईंना सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, म्हणजे दिसतंय तीन, आहे तीन नाही, आणि देतंय दोन? मी हो म्हटलं. त्यांनी वहीत ते तसंच्या तसं लिहिलं.

त्या नेहमीच बरोबर असायच्या असं नाही. आमच्या सॉफ्टवेअरला ओळ-रकाना न सांगता एकच नंबर दिला, म्हणजे नुसतं "दुसरा आकडा दे" म्हटलं, तर ते उभं मोजायचं. ताईंच्या तक्त्यात दुसरा आकडा म्हणून ते एकवीस द्यायचं. ताईंना बारा हवे होते. माणूस वाचतो आडवं, तर मोजणार उभं कसं, यावर त्या आठवडाभर अडून बसल्या. मी सांगितलं की अशी बरीच सॉफ्टवेअर उभंच मोजतात, प्राध्यापकांना त्याचीच सवय आहे, हा दोष नाही, रीत आहे. त्यांनी मुलीला विचारलं, अभ्यासिकेत विचारलं, शेवटी एका ओळखीच्या प्राध्यापकांना फोन करून खात्री केली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "बरं. वाकडं तर वाकडं. पण रोज तेवढंच वाकडं पाहिजे."

आणि तेव्हापासून त्या उभ्या मोजणीच्या त्याच सर्वांत कडक राखणदार झाल्या. मी एकदा वेग वाढवण्यासाठी आत काही उलथापालथ केली आणि दुसरा आकडा म्हणून चुकून बारा यायला लागले, तर चहा यायच्या आत ताई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. बारा त्यांनीच मागितले होते याची मी आठवण करून दिली. तो विषय संपला, म्हणाल्या.

मग बदलापूरच्या बाजूच्या एका कॉलेजची ऑर्डर आली. आमच्या हिशेबात ती फारच मोठी होती. ती गेली असती तर ऑफिस पुढे चालणं कठीण होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिथल्या विभागप्रमुख बाईंची एकच खास मागणी होती: लाल अक्षरं नकोत. विद्यार्थी ती बघून घाबरतात, प्रॅक्टिकल अर्धवट टाकतात. तक्त्यात नसलेली ओळ कोणी मागितली तर सॉफ्टवेअरनं शून्य द्यावं आणि पुढे जावं. हरेशभाईंनी लगेच होकार दिला. मला प्रोग्रामची फक्त एक ओळ बदलायची होती, ती मी बदलली.

प्रत्येक मालाबरोबर आम्ही तपासणीचा कागद द्यायचो. त्याच्या तळाशी ताईंची सही असायची. या वेळी ताईंनी सगळा कागद भरला आणि सहीची जागा कोरी ठेवली.

हरेशभाईंनी आधी गोडीनं सांगितलं. ग्राहक स्वतः मागतोय, आपल्याला काय त्याचं? ताई म्हणाल्या की द्या ना, मी अडवत नाही, माझं नाव फक्त त्यावर नको. त्यांनी पुन्हा सांगितलं, ताईंनी पुन्हा तेच. मग हरेशभाईंचा आवाज चढला. पुढच्या एक तारखेपासून यायचं की नाही याचा विचार करून ठेवा, असं ते सगळ्यांसमोर बोलून गेले. ताईंनी वही पिशवीत ठेवली, सहा वाजले होते म्हणून घरी निघाल्या. मी त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेलो. प्रोग्रामची ती ओळ मीच बदलली होती. मी म्हटलं, ताई, एका शून्यासाठी नोकरी कशाला घालवताय?

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"कारखाना बंद झाला तेव्हा काही जणांना दुसऱ्या युनिटला घेणार होते. गेटवर यादी लागली. माझं नाव नव्हतं. विचारलं तर साहेब म्हणाले, बघू. मी आठ महिने दर सोमवारी त्या गेटवर जात होते, निलेश. ते बघूच म्हणत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं ना, तर मी त्या दिवशी घरी जाऊन रडून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम शोधलं असतं." फळांच्या गाडीपाशी त्या थांबल्या, दोन पेरू निवडून घेतले. "नसेल तर नाही म्हणावं. शून्य म्हणजे नाही नव्हे. शून्य म्हणजे आहे, आणि ते शून्य आहे."

कॉलेजात दाखवायला जायच्या दिवशी ताई स्वतःहून आमच्याबरोबर आल्या. हरेशभाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पण रिक्षात सरकून जागा दिली.

विभागप्रमुख बाई प्रेमळ होत्या. लाल अक्षरं येत नाहीत हे बघून त्या खूष झाल्या. मग त्यांनी विचारलं की प्रत्यक्ष वापरून बघू का. ताई म्हणाल्या, बघा ना मॅडम, टेबलावर मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या आहेत, त्यातलीच एखादी घ्या. बाईंनी वरची वही उचलली. प्रयोगात सहा रीडिंग घ्यायची असतात, हे त्यांना पाठच होतं. वहीतले आकडे त्यांनी एकाखाली एक तक्त्यात भरले आणि पहिल्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंतची सरासरी मागितली. उत्तर आलं. बाईंनी त्याकडे बघितलं, कागदावर पेन्सिलनं काहीतरी मांडलं आणि म्हणाल्या, तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय, सरासरी इतकी खाली यायला नको.

हरेशभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"मॅडम, यात सहावी ओळ नाहीये," ताई म्हणाल्या. "तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्यानं तिथे शून्य धरलं."

बाईंनी पेन्सिलीच्या टोकानं वहीतले आकडे मोजले. पाच होते. वही उलटून त्यांनी मुलीचं नाव बघितलं, आणि हिनं सहावं रीडिंग घेतलंच नाही आणि मी सही पण करून बसले, असं म्हणून त्या हसायला लागल्या. मग त्यांनी आमचा तपासणीचा कागद ओढला, तळाची कोरी जागा बघितली आणि ही सही का नाही ते विचारलं. हरेशभाई काही बोलणार तेवढ्यात ताईंनी सांगितलं की याच्याचसाठी.

पोरं घाबरतात हेही खरं आहे हो, बाई म्हणाल्या. ताईंनी पिशवीतून वही काढली, म्हणाल्या, घाबरणार नाहीत असं लिहू, आणि एक वाक्य लिहून वही त्यांच्यापुढे सरकवली: "या तक्त्यात सहावी ओळ नाही. ओळी पाच आहेत." बाईंनी ते दोनदा वाचलं. लाल अक्षरात नको, निळ्या अक्षरात द्या, म्हणाल्या, आणि सगळ्या सूचना अशाच करून द्या.

त्यामुळे माल पोचायला महिनाभर उशीर झाला. हरेशभाई दोन दिवस ताईंशी बोलले नाहीत. शनिवारी त्यांच्या घरून सगळ्यांसाठी दाल-पकवान आलं. पहिली प्लेट त्यांनी स्वतः ताईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. एक तारीख आली आणि गेली, त्या बोलण्याची कोणी आठवण काढली नाही.

सूचना ताईंनीच लिहिल्या, चाळीस-पन्नास. चुकलं हा शब्द त्यात एकदाही नव्हता. काय नाही ते सांगायचं, मग काय आहे ते सांगायचं, अशी त्यांची रीत. मला सगळ्यात आवडायची ती दीडची: "दीड नंबरची ओळ नसते. पहिली हवी की दुसरी?" पुढे कॉलेजमधून निरोप आला की पोरं मुद्दाम चुकीचे नंबर घालून या सूचना वाचत बसतात. ताईंना वाटलं, कॉलेजवाले आपल्याला रागावतील. मी सांगितलं की पोरं तुमचंच काम करतायत.

नंतर मी पुण्याला नोकरी धरली. ताईंनी आणखी वर्षभर काम केलं आणि मग सोडलं, असं कळलं. विहारातल्या अभ्यासिकेला आता रोजचा वेळ हवा होता. फोन व्हायचे, मग हळूहळू कमी झाले.

गेल्या दिवाळीनंतर मी अंबरनाथला घरी आलो होतो. वडिलांची मोटरसायकल दुरुस्तीला टाकली होती, ती आणायला एमआयडीसीच्या रस्त्यानं चालत निघालो. सुट्टीचा दिवस होता, सगळे कारखाने बंद, रुंद रस्ता रिकामा. समोरून एक पांढरी स्कूटर येत होती, चालणाऱ्या माणसाहून थोडी जोरात. चालवणाऱ्या बाईंनी पंजाबी ड्रेस घातला होता, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट, आणि दोन्ही पाय दोन बाजूंना रस्त्याला टेकतील इतके खाली सोडलेले. मागून त्यांची मुलगी प्रज्ञा पाण्याची बाटली घेऊन चालत येत होती. मी ओळखलं आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून हात केला.

विमलताईंनी मला बघितलं. चेहरा एकदम फुलला. हँडल थोडं हललं, त्यांनी ते सावरलं आणि नजर पुन्हा समोर लावली.

"थांबायचं अजून जमत नाही, निलेश," माझ्या शेजारून जाताना त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी बोलू."

आणि बंद गेटांच्या कडेनं, पाय तसेच सोडून, त्या सरळ पुढे निघून गेल्या.